धुराडं विझलं

गोदीतल्या क्रेनवाल्याला सगळे ‘धुराडं’ म्हणत. शब्दाच्या आधी त्याच्या तोंडातून सिगारेटचा धूर बाहेर पडायचा. पन्नाशी उलटली तशी बायकोने हट्टाने त्याला फुफ्फुसांच्या कॅन्सरच्या तपासणीला नेलं. मशीनमध्ये पडल्या पडल्या त्याने मनातल्या मनात सगळ्यांचा निरोपही घेऊन टाकला.

पण डॉक्टर म्हणाले, "गाठबिठ काही नाही."

त्याचा जीव भांड्यात पडला आणि हात सवयीने खिशात गेला. "बघितलंस? इतकी वर्षं ओढतोय, केसालाही धक्का नाही!" तो बायकोला म्हणाला.

"काका, जरा इकडे येता?" शेजारच्या खोलीतून नर्सने हाक मारली. "गाठ नाही, आनंदच आहे. पण हा काही ओढायचा परवाना नव्हे. कधी सोडून बघितलीत?"

आता प्रवचन ऐकावं लागणार म्हणून त्याने तोंड वाकडं केलं. "खूपदा."

"अरे वा, म्हणजे सराव आहे तुम्हाला!" ती हसली. "आजवर एकटे लढलात. आता दोघं मिळून लढू."

‘सोड’ म्हणणारे त्याला पैशाला पासरी भेटले होते. कशी सोडायची ते कुणी सांगितलं नव्हतं. हिने त्याच्या दंडावर निकोटिनची पट्टी लावली, तलफ आली की चघळायला गोळ्या दिल्या आणि दर आठवड्याला स्वतःहून फोन केला.

सुरुवातीला तो घरात नुसता गुरगुरायचा. बायको म्हणायची, "गुरगुरा हवं तेवढं, पण ओढू नका." मग एका दुपारी क्रेनचा दोर अडकला, साहेब सगळ्यांसमोर ओरडले, आणि त्याने कुणाकडून तरी सिगारेट मागून घेतली. ओढून झाल्यावर मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने नर्सला फोन लावला.

"घसरलो, बाई."

"घसरलात ना? मग उठा. उद्या येऊन भेटा."

तो उठला तो उठलाच.

वर्षभराने पुन्हा तपासणी झाली. त्यातही काही निघालं नाही. त्याच आठवड्यात क्रेनची लिफ्ट बंद पडली. आज काम होत नाही, असं म्हणत सगळे बसले. त्याने सरळ लोखंडी शिडीला हात घातला आणि मध्ये कुठेही न टेकता वर केबिनमध्ये पोचून दणदणीत भोंगा वाजवला. खाली टाळ्या-शिट्ट्यांचा नुसता कल्ला!

संध्याकाळी मुकादमाने हातातली सिगारेट पाठीमागे लपवत त्याला गाठलं. "काय रे धुराड्या, ती बाई मलाही भेटेल का?"

"न भेटायला काय झालं! सकाळी तयार राहा, मीच घेऊन जातो."