खोडलेला ओठ

माघातलं ऊन. हळदुलं, अलवार, निरोप घेता घेता रेंगाळणारं ऊन. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या चढून ते शाळेत येई, चित्रकलेच्या वर्गात शिरे, आणि कोऱ्या कागदांवर निवांत पसरे.

कुमुदबाईंच्या त्या वर्गात खोडरबर नव्हता. पहिल्याच दिवशी तो मुलींच्या कंपासपेट्यांतून निघे आणि बाईंच्या खणात जाऊन पडे. चुकलेली रेघ राहू द्यायची, शेजारी दुसरी काढायची. "खोडण्याआधी पुन्हा बघा गं," एवढंच बाई म्हणत. बाईंना खोडरबर चावतो, असं मुली पाठीमागे म्हणत आणि खुदुखुदु हसत.

कारण त्यांना ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी, अशाच पीतप्रकाशी सकाळी, बाई आईचं चित्र काढत होत्या. शुभ्रकेशी, शांतनयना आई खिडकीशी बसलेली. सारं साधलं, ओठ तेवढा डावीकडे उतरे. खोडला, उतरला. पुन्हा खोडला, पुन्हा उतरला. बाई आपल्याच हातावर चिडल्या. हात खरं सांगत होता. दुपारी पक्षाघातानं आईची वाचा गेली, आणि तिसऱ्या दिवशी आई गेली.

तेव्हापासून रोज शाळा सुटली की बाई त्या कागदापुढे बसत. पेन्सिल टेकवत, उचलत. ओठांच्या जागी पुसून पुसून विटलेला पांढरा डाग. अकरा वर्षं तो मुका चेहरा त्यांच्याकडे बघत होता, आणि बाईंना त्याची भीती वाटे.

त्या दिवशी तनुजा माळवदेनं घरून वडिलांचं चित्र आणलं. शिवणयंत्रावर वाकलेले वडील, आणि ओठांच्या जागी पांढरा डाग.

बाईंनी त्या डागावर बोट ठेवलं.

"खोडलंस?"

"आज सकाळी काढलं, बाई. बाबांचं तोंड वाकडंच येत होतं. तीनदा खोडलं."

बाईंनी कागद उन्हात तिरका धरला. दाबून काढलेली रेघ खोडली तरी तिचा चर कागदात उरतो. तो चर उजळला. ओठ डावीकडे उतरला होता.

तनुजाचा हात धरून बाई निघाल्या. चपला वर्गातच राहिल्या. घाट गेला, बाजार गेला, शिंपीआळी आली. आता उशीर नको, आता उशीर नको, एवढंच मनात.

दुकानात यंत्र खडखडत होतं. माळवद्यांनी मान वर केली. ओठ डावीकडे उतरलेला, आणि त्या कोपऱ्यात दातांखाली धरलेल्या दोन टाचण्या. त्या काढून ते चकित होऊन म्हणाले, "बाई, तुम्ही? अन् अनवाणी?"

ओठ सरळ झाले. बाई पायरीवरच बसल्या, हसल्या, रडल्या. "पोरीनं बरोबर काढलं होतं हो," म्हणाल्या.

सायंकाळी, ताम्रवर्णी तिरीप खिडकीत असताना, बाईंनी आईचा कागद तिरका धरला. चर होता. अकरा वर्षं तिथेच होता. त्यात पेन्सिल ठेवून बाईंनी तो ओठ उतरत होता तसाच उतरू दिला.

खाली तारीख घातली, त्या सकाळची. मग ऊन गेलं, आणि रेघ राहिली.