दार लावून काढलेला फोटो

लायबाला एका जागी बसणं जमत नसे. नांदेडच्या इतवाऱ्यात तिच्या अब्बांचं, पाशामियाँचं, घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. डोळ्याला भिंग लावून माणूस दिवसभर एका स्टुलावर कसा काय बसून राहतो, याचं तिला लहानपणापासून नवल वाटायचं. तिनं कॅमेरा घेतला तोच मुळी फिरता यावं म्हणून. बॅगेत दोन छोटे फ्लॅश, एक मिटणारी पांढरी छत्री, सेलची चळत. एवढं पाठीवर टाकून ती अर्धापूरच्या केळीच्या बागांपासून धर्माबादच्या लग्नघरांपर्यंत कुठंही जायची आणि माणसांचे फोटो काढून यायची.

त्यामुळं तिच्या मैत्रिणीनं, शिवकन्येनं, लातूरला स्टुडिओसाठी खोली घेतली तेव्हा लायबा हो म्हणाली खरी, पण त्या दिवसापासून तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. शिवकन्येनं मेकअप करायचा, गिऱ्हाईक सांभाळायचं. लायबानं फोटो काढायचे, असं ठरलं होतं. अडलं होतं ते लाइटांवर.

औसा रोडवरचा दुकानदार राजशेखर यानं स्टुडिओत वापरतात ते दोन मोठे स्ट्रोब, म्हणजे विजेवर चालणारे फ्लॅश, 'वापरून बघा, मग सांगा' म्हणून ठेवून दिले होते. प्रत्येकावर माणूस मावेल एवढी काळी पेटी, तिला पुढून पांढरं कापड. आता राजशेखरचे फोन सुरू झाले होते. ठेवता का परत नेऊ?

"ठेवायचे," शिवकन्या म्हणाली. "उजेड बघ की कसा पडतो चेहऱ्यावर. तुझ्या त्या डबीएवढ्या फ्लॅशनं नाकाची सावली पार गालावर जाते."

"मी छत्री लावते ना."

"अन् वारा आला की छत्रीमागं पळते. बघितलंय मी."

"पळते तर पळते. पण माणसाच्या घरी तर पोचते! हे धूड इथं वायरीला बांधलेलं. लोकांनीच यायचं ह्याच्यासमोर. का यावं?"

"कारण स्टुडिओ म्हणतात त्याला, लायबा. तुला स्टुडिओ पाहिजे का न्हाई, ते एकदा सांगून टाक."

लायबा खिडकीपाशी गेली, परत आली, स्टँडची उंची उगाचच वर-खाली करत राहिली. खाली जीप थांबल्याचा आवाज आला तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं.

शिवकन्येचे मामा आले होते. भागवतमामा निलंग्याजवळच्या खेड्यात ऊस आणि सोयाबीन करायचे. एके काळी पंचक्रोशीतल्या कबड्डीच्या सामन्यांना त्यांच्या आवाजाशिवाय रंग चढत नसे. माईक त्यांच्या हातात आला की लोक मैदानाकडं कमी आणि त्यांच्याकडं जास्त बघत. मग तोंडाचा कॅन्सर झाला. डाव्या बाजूचा अर्धा जबडा काढावा लागला. जीव वाचला, पण गाल आत गेला, ओठ ओढला गेला आणि बोलणं घरच्यांखेरीज कुणाला कळेनासं झालं. तेव्हापासून ते नाकाखाली रुमाल बांधून असत आणि कुणी मोबाईल वर केला की उठून जात.

आता त्यांच्या मुलीचं, तनुजाचं, लग्न ठरलं होतं. मामांनी आधीच सांगून टाकलं होतं की, अक्षता टाकीन पण फोटोला उभा राहणार नाही. शेवटी उज्वलामामींनीच शिवकन्येला फोन केला. लग्नाच्या गर्दीत नको, पण आधी गुपचूप बापलेकीचा एक तरी फोटो होऊ दे. मामांनी महिनाभर ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि एका सकाळी स्वतःच जीप काढायला सांगितली.

शिवकन्येनं जय्यत तयारी केली होती. दोन्ही स्ट्रोब लावलेले. त्यांच्या आत एक साधा दिवाही असतो. सावली कुठं पडणार ते आधी दिसावं म्हणून तो जळत ठेवायचा. एक पेटी तिनं स्टुलाच्या बरोबर वर, डोक्यावर येईल अशी तिरकी टांगली होती. खाली एक पांढराशुभ्र उजेडाचा गोल पडला होता.

मामा दारापर्यंत आले. पांढरं धोतर, रुमाल, पायात नव्या चपला. ते उंबऱ्यात थांबले आणि त्या वरच्या दिव्याकडं बघत राहिले. लायबानं नेमकी त्याच वेळी चाचणी म्हणून कळ दाबली. फट् असा आवाज झाला, खोली पांढरी झाली. मामांनी चौकट धरली. मग वळले आणि जिना उतरून गेले.

तनुजा त्यांच्यामागं पळाली. मामी तिथंच स्टुलावर टेकल्या.

"ऑपरेशनला नेलं तवा असाच दिवा होता वर," त्या म्हणाल्या. "शुद्धीवर आल्यावर लई दिवस तेच सांगायचे. दिवा बघून राहिला होता म्हणं माझ्याकडं."

शिवकन्येचा चेहरा उतरला. तिनं ते काम जीव लावून केलं होतं, मामा तिचे होते. आणि लायबाला, त्या चेहऱ्याकडं बघतानासुद्धा, आतून कुठंतरी बरं वाटलं. तिचंच खरं निघालं होतं. ते बरं वाटणं तिला लगेच खुपलं, पण शब्द निघून गेले.

"मी म्हणाले होते ना. ह्या लाइटांसमोर का यावं माणसानं? मीच जाते त्यांच्याकडं. माझ्या बॅगेत मावेल तेवढ्यावर."

"जा," शिवकन्या म्हणाली. "तोवर राजशेखरला मी काही सांगत न्हाई."

दोन-तीन दिवसांनी लायबा निलंग्याच्या एसटीत होती. बॅग मांडीवर. रस्ताभर ती मनातल्या मनात फोटो काढत होती. अंगणात बाज टाकायची, छत्री उजवीकडं, म्हणजे डावा गाल अलगद सावलीत जाईल. मामा आपल्या घरात, आपल्या माणसांत असतील. खिडकीबाहेर ऊस मागं पळत होता आणि ती सारखी बॅगेची चेन उघडून सेल चाचपून बघत होती.

झालं ते निराळंच. फाट्यावर उतरून ती गावात शिरली तेव्हाच मागं माणसं लागली. मामींनी चहा टाकेपर्यंत अंगणात गल्ली जमली. एक बाई, पाठीवर बॅग, हातात छत्री, भागवतरावांचा फोटो काढायला थेट नांदेडहून आलेली! घरच्यांनी काय करावं? कुणाला जा म्हणावं? लग्नघर होतं, आलेल्याला बसा म्हणायची रीत.

मामा बाजेवर येऊन बसले. तनुजा नवी साडी नेसून शेजारी. ऊन ऐन डोक्यावर आलं होतं, त्या उन्हापुढं छोट्या फ्लॅशचा पाड लागेना. लायबानं तो होता तेवढ्या जोरावर नेला. मग एकदा चमकला की पुन्हा भरायला त्याला वेळ लागू लागला. मागची बारकी बत्ती पेटेपर्यंत नुसतं थांबायचं. त्यातच छत्रीत वारं शिरलं, स्टँड कलला. लिंबाजी नावाच्या शेजाऱ्यानं धावत येऊन तो धरला आणि मग तो तिथंच उभा राहिला, सल्ले देत.

"भागवतराव, जरा ताठ बसा की. माईकवर कसे उभे ऱ्हायचे!"

कुणीतरी हसलं. वाईट मनानं नव्हे. पण मामांची नजर खाली गेली. तनुजानं त्यांच्या हातावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटली. लायबानं चाचणीसाठी एकदा फ्लॅश चमकवून बघितला. त्याच वेळी मामांनी मानेमागं हात नेऊन गाठ सोडली आणि रुमाल खाली घेतला.

लायबानं कळ दाबली. कॅमेरा वाजला. फ्लॅश चमकलाच नाही. आधीच्या चाचणीनंतर तो भरलाच नव्हता.

"एक मिनिट, मामा," ती म्हणाली. "फक्त एक मिनिट."

त्या मिनिटात अंगण चिडीचूप झालं. सगळी गल्ली मामांच्या उघड्या चेहऱ्याकडं बघत होती आणि मामा स्टँडवरच्या फ्लॅशच्या त्या बारक्या बत्तीकडं. ती पेटेना. तेवढ्यात मागून कुणाच्या तरी मोबाईलचा 'खच्' आवाज आला.

मामांनी रुमाल बांधला. उठले आणि मागच्या दारानं शेताकडं निघून गेले.

मामींनी मोबाईलवाल्याला शोधून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. तनुजानं त्याच्याकडून फोटो पुसून घेतला. तोवर त्यानं तो आणखी कुणाला पाठवला होता का, ते मात्र त्यालाच ठाऊक. लायबा छत्री मिटत होती, तीही नीट मिटेना. लातुरात आपण किती तोऱ्यात बोललो, हे तिला आठवत होतं. माणसाच्या घरी पोचते, म्हणाली होती. पोचली होती, अन् अख्खी गल्ली सोबत घेऊन.

तिला तिथं थांबवेना. ती शेताकडं निघाली. तनुजा सोबत आली. मामा विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडखाली, मोटारीच्या पेटीला टेकून बसले होते.

"मामा, चुकलं माझं," लायबा म्हणाली. "मला वाटलं, तुमच्या घरी तुम्हाला बरं वाटेल."

मामा रुमालाआडून काही बोलले. लायबाला कळलं नाही. तनुजा म्हणाली, "ते म्हणतेत, घरीच तर जास्त बघत्यात लोकं."

मग मामा पुन्हा बोलले, थांबत थांबत, आणि एक हात वर नेऊन बोटं फाकवून दाखवली, जणू वर काही लटकतंय. तनुजानं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"अप्पा विचारत्यात, तुमच्या खोलीचं दार आतून लागतं का?"

"लागतं."

"मग तिथं काढा म्हणतेत. फकस्त तो जळता दिवा नको. चमकलं तर चालतंय म्हणं. चमकतंय अन् जातंय. दिवा बघतच राहतो."

लायबा मामांकडं बघत राहिली, मग आपण बघतोय हे ध्यानात येऊन तिनं नजर विहिरीकडं वळवली. "नाही लावणार दिवा," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत तिनं शिवकन्येला फोन लावला आणि झालेलं सगळं सांगितलं. 'बघ, मी म्हणाले होते' असं ती म्हणेल म्हणून लायबा ओठ आवळून बसली होती. पण ती एवढंच म्हणाली, "वरची पेटी खाली उतरवून ठेवते."

मामा पुढच्याच आठवड्यात आले. दोन्ही खिडक्यांचे पडदे ओढलेले, एका पडद्याला फट ठेवलेली, कॅमेऱ्याला फोकस धरायला डोळे तेवढे दिसावेत एवढ्यापुरती. एकच स्ट्रोब, बाजूला, मामा बसतील तेव्हा त्यांच्या खांद्याच्या उंचीवर, आतला दिवा बंद. शिवकन्या स्वतःहून मामींना घेऊन बाहेर जिन्यात जाऊन बसली. लायबानं दाराची कडी लावली आणि मामांना ऐकू जाईल अशी एकदा ओढून बघितली.

आता आत मामा, तनुजा आणि ती, तिघंच. लायबाला त्या अंधारात काही धड दिसत नव्हतं. सावली कुठं पडेल, गालाचा खळगा कसा दिसेल, सगळं अदमासानं. तिला स्टँड हलवावासा वाटत होता, कोन बदलावासा वाटत होता, उठून पडदा सारावासा वाटत होता. तिनं पाय जमिनीला दाबून धरले.

"आता एकदा चमकेल, मामा."

फट्. मामांचे खांदे दचकले. खोली पुन्हा अंधारली. लगेच दुसरा. तिसरा. थांबावं लागत नव्हतं; तिचं बोट कळीवर जाईपर्यंत तो मोठा लाइट तयार असायचा. चौथ्या-पाचव्याला खांदे दचकेनासे झाले. मग अंधारात कापडाची सळसळ ऐकू आली. मामा रुमाल सोडत होते. तनुजाच्या कानाशी वाकून मामा काहीतरी म्हणाले, माईकवर बोलायचे त्या थाटात, लांबवत. तनुजा खळकन हसली. लायबानं कळ दाबली.

काय म्हणाले ते तिला कळलं नाही आणि तिनं विचारलंही नाही.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिनं फोटो दाखवले तेव्हा मामांनी त्यातले बरेचसे नुसते सारले. हसणाऱ्या तनुजाच्या फोटोवर थांबले. त्यात त्यांचा आत गेलेला गाल लाइटाच्याच बाजूला होता. लायबाला वाटलं होतं, तो अंधारात ठेवावा. बसण्याची जागा मामांनीच निवडली होती. त्यांनी अंगठ्यानं लेकीचा चेहरा झाकला, स्वतःचा बघितला. मग अंगठा काढला.

"ह्यो," ते म्हणाले. एवढं लायबालाही कळलं.

राजशेखरला त्याच दुपारी कळवलं की एक लाइट ठेवतोय, दुसरा घेऊन जा. त्याला ते पटलं नाही, दोन घेतले असते तर, असं तो बराच वेळ बोलत होता. शिवकन्येनं फोन कानापासून लांब धरला. "अन् बॅग?" तिनं लायबाला विचारलं.

"बॅग कुठं जातेय?" लायबा म्हणाली. पण नेहमीसारखा ठसका त्यात नव्हता.

लग्नाला ती पाहुणी म्हणून गेली. कॅमेरा नेला होता, सवयीनं. मामा मांडवात सगळीकडं फिरत होते, रुमाल बांधून. स्टेजवर कुटुंबाच्या फोटोसाठी हाका सुरू झाल्या तेव्हा ते ठरल्याप्रमाणं मागं सरकले आणि पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे राहिले. स्टेजवरून मामी लायबाला खुणावू लागल्या, तू काढ, तू सांगितलंस तर येतील. लायबाचा हात कॅमेऱ्यावर गेला. तिनं टाकीकडं बघितलं. मामांनी मान नाही अशी हलवली, शांतपणे, ओळखीच्या माणसाला सांगावं तशी.

ती मामींना हातानंच राहू द्या म्हणाली. मग कॅमेरा खांद्यामागं सारून टाकीपाशी गेली आणि गर्दी ओसरेपर्यंत मामांशेजारी उभी राहिली. तिचे पाय सारखे चुळबुळत होते.