पात्यावरचं निळं

डब्यात आता एकच चाकू उरला होता आणि उद्या रविवार होता.

उषाबाईंनी पत्र्याचा डबा पलंगाखालून ओढून मांडीवर घेतला. दहा रविवारी दहा चाकू दाखवून झाले होते. तळाशी रुमालात गुंडाळलेला हा अकरावा. हा दाखवला की रामदासभाऊंच्या दुकानात जाऊन बसायला काही कारण उरणार नव्हतं.

चाकू सगळे गजेंद्ररावांचे. पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये ते बॉयलर सांभाळायचे, आणि घडीच्या चाकूंचं त्यांना वेड होतं. पातं मुठीत मिटणारे, खिशात मावणारे, तेवढेच. त्याच वेडाचे आणखी तिघं होते. रामदासभाऊ साड्यांच्या बाजारातल्या कात्र्यांना धार लावून द्यायचे. रविवारी त्यांचं दुकान बंद असलं तरी शटर अर्धं वर असे, आणि चार वाजले की ही मंडळी तिथं जमत. नियम गजेंद्ररावांनीच केला होता. इतरांनी न पाहिलेला चाकू जो आणेल त्यानं बसायचं. ज्याच्याकडे नसेल त्यानं उभ्यानं चहा प्यायचा.

गणपतीत गजेंद्रराव गेले. पाळीवर, खुर्चीत बसल्या बसल्या. दिवाळीनंतर त्यांचे मित्र निंबाभाऊ घरी आले, चलथाणच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. जाताना दारात म्हणाले, "वहिनी, रविवारी गजूचा एखादा चाकू घेऊन या ना. आम्हालाही बरं वाटेल."

उषाबाई नाही म्हणणार होत्या. पण त्या आठवड्यात त्या लॅबबाहेर कुणाशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. लॅबमध्ये त्या रंग जुळवत. ग्राहकानं पाठवलेल्या कापडाच्या तुकड्याशी मिळतीजुळती शेड आणायची, हे त्यांचं पंचवीस वर्षांचं काम. दिवसभर "पिवळा पाव टक्का वाढव", "धुऊन पुन्हा दाखव" एवढंच तोंडातून निघे. घरी तेवढंही नाही. मूलबाळ नव्हतं. कुकरची शिटी झाली की घरात कुणीतरी बोलल्यासारखं वाटायचं.

कपाटातल्या काचेमागचे चाकू मित्रांना दाखवलेले असणार, असं त्यांनी धरलं. डबा पलंगाखाली लपवलेला, म्हणजे त्यातले कुणी पाहिलेले नसणार. त्या हिशोबानं त्या दर रविवारी डब्यातला एक नेत. आदल्या दिवशी त्याच्याबद्दल शोधून, वाचून जात. मूठ कशाची, पोलाद कुठलं, साल अंदाजे किती. दोन तास तिघं बोलत, भांडत, हसत, आणि त्यात त्यांचाही आवाज असे. बाजारातून नवा चाकू विकत घ्यायचा विचार त्यांनी एकदा करून पाहिला होता. पण त्यांना चाकूतलं काय कळत होतं? केवळ बसायला मिळावं म्हणून आणलाय, हे त्या लोकांना पहिल्या नजरेत समजलं असतं.

त्यांनी रुमाल सोडला. लाकडी मुठीचा साधा चाकू. मुठीचे कोपरे झिजून गोल झालेले. पातं उघडलं तर सगळं डागाळलेलं: टोकाकडे करडं, मध्ये निळं, मुठीजवळ जांभळट काळं. क्षणभर त्यांच्या मनात आलं की ही शेड जुळवायची म्हटली तर तीन रंग लागतील. मग वाटलं, गंजलाय. म्हणूनच सगळ्यात खाली टाकून दिला असेल. शेवटचा चाकू, आणि तोच असा.

शनिवार असल्यामुळे लॅब दुपारीच रिकामी झाली होती. त्या चाकू घेऊन परत गेल्या. कापडावर गंजाचे डाग पडले की ते काढायला ऑक्झॅलिक अॅसिड ठेवलेलं असतं. दोन टक्क्यांचं द्रावण, कोमट, वीस मिनिटं. मग सोड्याच्या पाण्यात बुडवणं, स्वच्छ पाणी, कोरडं फडकं, खटक्याच्या जागी तेलाचा एक थेंब. पातं आरशासारखं झालं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी नीट पार पडल्याचं समाधान घेऊन त्या घरी गेल्या.

रविवारी त्या पोचल्या तेव्हा महेशचा चाकू मध्ये होता. महेश पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये सुपरवायझर, सगळ्यांत लहान, सव्वीस-सत्तावीसचा. सगळी खरेदी मोबाइलवर.

"काका, एका बोटानं उघडून बघा. एकदम मख्खन!"

"मख्खन पावाला लाव," निंबाभाऊ म्हणाले. "याला स्क्रूच स्क्रू. चाकू आहे का सायकल?"

"धार कुणाची?" रामदासभाऊंनी अंगठा पात्यावर आडवा फिरवला.

"कंपनीची."

"मग कंपनीला परत कर. यानं केळं कापलं तर केळं हसेल."

"तमे लोको ने..." महेश हात जोडत म्हणाला. "आता मी उभा राहू का?"

"बस, बस," रामदासभाऊ म्हणाले. "आणलायस तर बस. दिसायला बरा आहे, तुझ्यासारखा."

मग निंबाभाऊंनी खिशातून आपला काढला. अलंगच्या जहाजांच्या भंगारातून आलेला, कुणा खलाशाचा. एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला दोराच्या गाठी सोडवायचा जाड दाभण. तो त्यांनी मिटून टेबलावरच्या कोऱ्या कापडावर ठेवला, आणि रामदासभाऊंनी तिथून उचलला. चाकू हातातून हातात द्यायचा नाही, भांडण होतं. खाली ठेवायचा, समोरच्यानं घ्यायचा. खलाशाच्या चाकूच्या खटक्याचा आवाज तिघांनी कान लावून ऐकला. दाभण गंजून मुठीत अडकला होता, तो काढायला घासलेट की डिझेल, यावर पाच मिनिटं वाद झाला. उषाबाई म्हणाल्या, "डिझेल नको, वास जात नाही," आणि रामदासभाऊ म्हणाले, "बघा, वहिनींचं ऐका." त्यांना बरं वाटलं.

मग त्यांनी पर्स उघडली आणि आपला चाकू कापडावर ठेवला.

निंबाभाऊंनी तो उचलला. मूठ हातात आल्याबरोबर त्यांची बोटं तिच्या झिजलेल्या कोपऱ्यांवर आपोआप बसली. त्यांनी नखानं पातं उघडलं आणि ते थांबले. उषाबाईंशी ते एरवी जपून, पुस्तकी मराठी बोलत. आता घरातली अहिराणी बाहेर आली.

"वहिनी, येना निळा रंग कोठे गया?"

"ठेव रे निंबा," रामदासभाऊ घाईनं म्हणाले. "छान आहे. स्वच्छ आहे."

पण वाक्य बोलून झालं होतं. उषाबाईंनी निंबाभाऊंकडे पाहिलं, मग रामदासभाऊंकडे.

"तुम्ही हा आधी पाहिलाय."

निंबाभाऊ म्हणाले, "चार वर्षं. दर रविवारी. गजू दुसरा आणायचाच नाही. हा, आणि पिशवीभर पेरू. आम्हाला कापून द्यायचा. माझी दाढ दुखते म्हणून माझ्या फोडीतल्या बिया काढून."

"आणि नियम?"

"नियम आम्हाला! आम्ही म्हणायचो, गजू, ऊठ, तुझा जुना आहे. तर पातं पुढं करायचा. बघा म्हणे, मागच्या रविवारी इतकं निळं होतं का? रंग बदलला म्हणजे नवीनच. आणि बसून राहायचा."

महेश हसला.

"बाकीचे दहा?" उषाबाईंनी विचारलं.

रामदासभाऊ कापडाची सुरकुती सरळ करत राहिले. "शिंगाच्या मुठीच्या चाकूची पिन मीच बदलली होती, वहिनी. फार वर्षं झाली."

"मी नव्हते बघितले, काकी," महेश म्हणाला. "सोगंद. मी तर दीड वर्षापासूनच येतोय."

"तू गप रे," निंबाभाऊ म्हणाले.

म्हणजे दहा रविवार. 'कुठला हो हा?' म्हणून विचारलेले प्रश्न, 'अरे वा' म्हणून फिरवून पाहिलेली पाती. आणि त्या वाचून आलेलं सांगत होत्या, मूठ सांबराची, साल सत्तरच्या आसपास. उषाबाईंचे कान तापले. पण ते तेवढंच राहिलं नाही. त्याच्या मागोमाग दुसरी गोष्ट समजली, आणि तिच्यापुढे लाज फारच लहान होती.

पेरूच्या रसात टॅनिन असतं. टॅनिन आणि लोखंड मिळून निळं-काळं होतं. हिरड्यानं आणि लोखंडानं कापड काळं करतात ते असंच. हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून माहीत होतं. तो गंज नव्हताच. चार वर्षांचे रविवार त्या पात्यावर बसले होते.

"ऑक्झॅलिक अॅसिड," त्या म्हणाल्या. आवाज लॅबमधल्यासारखा निघाला. "दोन टक्के. वीस मिनिटं ठेवलं मी."

चहा आला होता. तो कुणी घेतला नाही.

"निघते." त्यांनी चाकूसाठी हात पुढे केला. निंबाभाऊंनी पातं मिटलं, पण चाकू हातात दिला नाही. सवयीनं कापडावर ठेवला. उषाबाईंनी तिथून उचलला.

शटरखालून वाकून त्या बाहेर पडत होत्या तेव्हा रामदासभाऊ मागून म्हणाले, "वहिनी, पांढरं पातं आहे ना, ते रोज फळ कापलं तर सहा महिन्यांत निळं होतं. लगेच पुसायचं मात्र नाही. पुढच्या रविवारी आणा. कुठवर आलंय, बघू."

"बसूनच बघू," निंबाभाऊ म्हणाले.

त्यांनी पर्स खांद्याला लावली आणि त्या रस्त्याला लागल्या.

सोसायटीच्या कोपऱ्यावर पेरूची गाडी होती. "केटलां आपुं, बेन?" गाडीवाल्यानं तागडी हातात घेत विचारलं.

"एक."

"एक किलो?"

"एक."

घरी येऊन त्यांनी ताटली घेतली. एकोणतीस वर्षं या घरात फळ त्यांनीच कापलं होतं. गजेंद्रराव पेपरमागून हात पुढे करत आणि उषाबाई त्यावर फोड ठेवत. इतक्या वर्षांत त्यांनी उषाबाईंना एक पेरू कापून दिला नव्हता. गजेंद्ररावांना पेरू कापता येतो, बियासुद्धा काढता येतात, हे त्यांना आज कळलं होतं.

त्यांनी पेरूच्या चार फोडी केल्या. चाकूला धार उत्तम होती. एक फोड खाल्ली. बाकीच्या तीन ताटलीत राहिल्या.

ओला चाकू तसाच ठेवणं त्यांना जमेना. हात दोनदा फडक्याकडे गेला. मग त्यांनी लॅबमध्ये ठेवतात तसा पांढऱ्या कापडाचा तुकडा टेबलावर पसरला, त्यावर चाकू उघडा ठेवला आणि दिवा जवळ ओढला. घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटांनी वाकून पाहिलं. वीस मिनिटांनी पुन्हा. पात्यावर दिव्याचा उजेड होता आणि वाळत आलेला रस.

"अजून काही नाही," त्या म्हणाल्या.

स्वतःचा आवाज ऐकून त्या दचकल्या. मग खुर्ची ओढून टेबलाशी बसल्या, आणि थोड्या वेळानं दुसरी फोड उचलून तिच्यातल्या बिया काढू लागल्या.