यंत्राच्या पायाखालची बदाम राणी

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे. साधासुधा नव्हे, बदामची राणी! पण सध्या चार घड्या घालून मला एका यंत्राच्या पायाखाली दडपलं आहे, आणि खरं सांगायचं तर माझी तीच लायकी आहे.

माझा जन्म छापखान्यात झाला. आम्ही बावन्न भावंडं एका चष्म्याच्या दुकानात आलो. तिथे ताई आतल्या खोलीत यंत्रावर काचा घासायची आणि तिचा धाकटा भाऊ गिऱ्हाइकं सांभाळायचा. त्यांचे बाबा, हात थरथरू लागल्यापासून, खुर्चीत बसून दोघांच्या चुका काढायचे. दुपारची जेवणं आटोपली की ताई आणि भाऊ पोकरचा एक डाव खेळत. पैशांऐवजी फुटक्या काचा लावत.

भाऊ म्हणायचा, "मला आतून वाटतंय, हवा तो पत्ता येणार!"

"आतून वाटायला ते काय पोटदुखी आहे?" ताई म्हणायची. "न दिसलेले पत्ते किती? त्यातले तुझ्या कामाचे किती? बस्स, तेवढीच तुझी आशा."

हळूहळू तोही तसंच मोजू लागला. मला दोघांचं फार कौतुक वाटायचं.

एकदा डाव नुकताच संपला होता. ताई कामाला बसली तर यंत्र डगडगलं आणि तातडीच्या चष्म्याची काच ओरखडली. तिने ढिगातून हाताला आला तो पत्ता उचलला. तो पत्ता मी. "उद्या लाकडाची चकती बसवते," असं ती स्वतःशीच म्हणाली. तो उद्या काही उगवला नाही. पोकरमध्ये निम्म्याहून जास्त पत्ते उघडतच नाहीत, त्यामुळे माझी आठवण कोणालाच आली नाही. आधी मला राग आला. राणी असून पायाखाली! पण काचा नीट निघू लागल्या आणि मी उलट फुशारले.

मग ते पत्र आलं. दूरच्या शहरात कृत्रिम डोळे बनवायचं शिक्षण, एक वर्ष, जागा एकच. भावाने तर हौसेने मेणाचे डोळे करून त्यांची बुबुळंसुद्धा रंगवली होती. ताईला कित्येक वर्षं त्या आतल्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. पण दुकान आणि बाबा सांभाळायला एकाने मागे राहणं भाग होतं. दोन दिवस "तू जा", "नाही, तूच जा" चाललं. तिसऱ्या दिवशी ते कोणीच म्हणेना.

शेवटी भाऊ म्हणाला, "डावावर ठरवू. जिंकेल तो जाईल. रुसवाफुगवा नाही."

दोघांना दोन-दोन पत्ते मिळाले. मध्ये चार उघडे पडले, पाचवा तेवढा उरला. दोघांनी आपापले पत्ते उलटले. ताईच्या दोन जोड्या जमल्या होत्या, राजांची आणि पंज्यांची. भावाच्या हातात दोन राण्या. तिसरी राणी आली तरच तो जिंकणार होता.

"न दिसलेले चव्वेचाळीस," तो म्हणाला. "त्यात राण्या दोन. बावीसात एक. आहे की आशा!"

मित्रांनो, कागदाला कुठला आला आवाज? उरलेले पत्ते त्रेचाळीसच होते आणि त्यात राणी एकच. त्याची अर्धी आशा मी पायाखाली घेऊन बसले होते.

शेवटचा पत्ता सत्ती निघाला. भाऊ हसला. "हरलो, पण नियमाने हरलो. ताई, बॅग भर."

निघायच्या दिवशी ताई यंत्र पुसायला वाकली आणि तिला मी दिसले. तिने मला उलगडलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. बाहेर भाऊ एका आजोबांना चष्मा घालून दाखवत होता. त्याच्या नावाची हाक तिच्या ओठांपर्यंत आलेली मी पाहिली. मी जीव मुठीत धरून थांबले.

"एवीतेवी हरलाच असता," ती पुटपुटली. माझी घडी घातली आणि मला होते तिथे सरकवून ती गेली.

तिचं म्हणणं खोटं नाही. बावीसपैकी एकवीस वेळा तो हरलाच असता. पण उरलेली ती एक वेळ त्याची होती, आणि तिच्यात माझाही वाटा होता.

आता या यंत्रावर भाऊ बसतो. बाबा हळहळले की तो म्हणतो, "बाबा, डाव सरळ होता हो." ते ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मित्रांनो, आशा मोजण्याआधी पत्ते मोजत जा. आणि कधी चष्मा करायला गेलात आणि आत काचा घासणारा, हसऱ्या तोंडाचा माणूस दिसला, तर त्याला जरा वाकून यंत्राच्या पायाखाली बघायला सांगा. ताईने सांगितलं नाही. मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं.