पुलाच्या पाहणीला नेणारी होडी

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हटलं. आपली मैत्री व्हावी असं तुम्ही अजून काही केलेलं नाही. सध्या मी काठावर पालथी पडले आहे. माझ्या पोटाखाली एक कोंबडी अंडी घालते. तिच्याशीही माझं पटत नाही.

माझा नावाडी तात्या. मला त्याच्या वडिलांनी बांधलं, शाळेच्या दारांपासून. शाळा आधीच पडली होती, दारं तेवढी उभी होती. म्हणून माझ्या बाहेरच्या अंगाला ‘गोंगाट करू नये’ असं कोरलेलं अजून वाचता येतं.

नदीच्या इकडे आमचं गाव. बाजार, कचेरी, इस्पितळ सगळं पलीकडे. इकडे फक्त दोन खोल्यांचा दवाखाना आणि त्यात नर्स म्हणून तात्याची थोरली बहीण, अक्का. तिच्याकडे ताप उतरतो, टाके पडतात; बाळ आडवं आलं तर मात्र पलीकडे न्यावं लागतं. पूर आला की मी जाऊ शकत नाही, आणि बाळांना पुराचा अंदाज नसतो. एका पुरात कुंभाराची सून माझ्यात आडवी होती आणि मी काठाला बांधलेली. पाणी उतरलं तेव्हा तिला न्यायची घाई उरली नव्हती.

मग पूल हवा की नको हे बघायला समिती आली. पाहुणे येणार म्हटल्यावर लोक अंगण झाडतात. तात्याला जमलं असतं तर त्याने नदी झाडली असती. त्याने मला घासलं, फटींत डांबर भरलं, बसायला गादी घातली. समितीचे मोठे साहेब मधोमध आल्यावर घोरायला लागले. उतरताना म्हणाले, “वा, छान प्रवास झाला.” अहवालात आलं : सध्याची सोय समाधानकारक आहे.

तात्या आठवडाभर ताठ मानेने फिरला. मला त्याला बुडवावंसं वाटत होतं.

दुसरी समिती शास्त्रीय होती. पुलावरून किती लोक जातील हे कळावं म्हणून पुलाच्या जागी सध्या किती लोक चालतात ते त्यांनी मोजलं. नदीतून कोणीही चालत जाताना आढळलं नाही. गरज कमी ठरली.

तिसरी समिती येणार असं कळलं तेव्हा तात्याच्या मुलीला दिवस गेले होते. बाळ येणार होतं ऐन पुरात. अक्का थेट काठावर आली.

“तात्या, या खेपेला फटी बुजवायच्या नाहीत.”

“पाहुण्यांचे पाय ओले होतील, अक्का.”

“होऊ देत. कोरडे राहून काय दिवे लावले त्यांनी?”

“लोक म्हणतील, याला होडीसुद्धा धड ठेवता येत नाही.”

“म्हणू देत. पोरगी तुझीच आहे ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्याने फटी बुजवल्या. गादीला नवा अभ्रासुद्धा घातला. चांगुलपणासारखा आजार नाही, मित्रांनो. तो जडला की माणूस आपलं घर जळताना पाहुण्यांना ‘शेकून घ्या’ म्हणतो.

तेव्हा मीच ठरवलं. तिसऱ्या समितीचे साहेब, त्यांचे दोन मदतनीस आणि गादी अशी सगळी मंडळी मधोमध आल्यावर मी तळाची एक फळी सोडून दिली. जीव कोणाचाच गेला नाही. पाणी कमरेइतकंच होतं, कारण ही मंडळी नेहमी उन्हाळ्यातच येतात. तात्या गादी डोक्यावर धरून “माफ करा, असं कधी होत नाही” म्हणत राहिला.

काठावर अक्काने साहेबांना टॉवेल दिला.

“आता कळलं ना, साहेब?”

“कळलं बाई. फारच गैरसोय आहे.”

“ही उन्हाळ्यातली. एकदा पुरात येऊन बघा.”

साहेबांनी बूट उलटा करून पाणी ओतलं. “पुरात कसं येणार? तेव्हा नदी ओलांडायला काही साधनच नसतं.”

मदतनिसाने मान हलवून ते लिहून घेतलं. कोणी हसलं नाही.

या वेळी मात्र गरज मान्य झाली. एक नवी निळी होडी मंजूर झाली, आणि पाहणीला येणाऱ्यांसाठी तरंगणारी जाकिटं. मला पालथं घातलं. नवी होडी दिसायला सुरेख आहे, पुरात तीही बांधूनच ठेवतात.

पूल येईना म्हणून मग पोरगीच हलवली. तात्याने तिला आणि जावयाला पूर यायच्या खूप आधी पलीकडे नेऊन सोडलं, इस्पितळाजवळ भाड्याच्या खोलीत. बाळ झालं की जावई काठावर येऊन सांगणार असं ठरलं. मोबाइलची रेंज आमच्या काठाला नाही. तिची पाहणी वेगळं खातं करतं.

आता पूर आहे. आज जावई पलीकडे येऊन उभा राहिलाय. काहीतरी ओरडतोय, पण मध्ये एवढं पाणी गरजतंय की शब्द इकडे पोचत नाहीत. त्याने दोन्ही हात वर केलेत. माणसं आनंदाने हात वर करतात, आणि सगळं संपल्यावरही करतात. तात्या नीट दिसावं म्हणून माझ्या पाठीवर चढून उभा आहे. खाली अक्का त्याचा पाय धरून विचारते आहे, “काय म्हणतोय रे? हसतोय का?”

“दिसत नाही, अक्का.”

तेव्हा मित्रांनो, बोध एवढाच : तुमची गरज बघायला कोणी आलं तर घर झाडू नका. आणि बघायला जाणारे तुम्हीच असाल, तर जेव्हा जाता येत नाही तेव्हा जा.

आता माझ्या अंगावर काय कोरलंय ते वाचा, आणि जरा गप्प उभे राहा. त्याला ऐकायचं आहे.