वेणूबाईंचा बोलका फोन

"वेणूबाई, मी गोडा मसाला मागितला. हा कांदा-लसूण आहे."

अनिरुद्धशेठनी पाकीट काउंटरवर ठेवलं. सकाळपासूनची ही तिसरी चूक. "आज उपास वगैरे आहे का?"

"न्हाई. आणते बदलून," म्हणत वेणूबाई मागच्या गोडाऊनमध्ये गेल्या.

तिथे एकाच कंपनीचे नऊ मसाले होते. नऊही पाकिटं लाल, सगळ्यांवर तीच हसरी बाई. फरक फक्त नावात. वेणूबाईंनी एका पाकिटासमोर फोन धरून कडेचं बटण दाबलं. कानातल्या वायरीतून आवाज आला, "ही सेवा आता बंद झाली आहे."

हा फोन चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने, दिग्विजयने, हौसेने घेतला होता. एका ऑनलाइन दुकानाने स्वतःचा म्हणून काढलेला. वस्तूसमोर धरला की तिचं नाव सांगायचा आणि लगेच विचारायचा, "ऑर्डर करू का?" बाकी त्यात काही धड चालत नसे. तो फारसा कुणी घेतलाच नाही. मित्रांनी हसून बेजार केल्यावर दिग्विजयने तो आईला देऊन टाकला.

वेणूबाई तेव्हा येरवड्यातल्या या किराणा दुकानात झाडू-फरशी करायच्या. एक दिवस माल काढून देणारा माणूस काम सोडून गेला. शेठनी विचारलं, "वाचता येतं ना?" शाळा बाहेरूनच पाहिलेल्या वेणूबाईंच्या तोंडून निघून गेलं, "येतं की."

तेव्हापासून फोनच्या जिवावर त्या माल काढत होत्या. शेठना वाटायचं, बाई कानात भजनं ऐकतात. फोनमधली बाई प्रत्येक पाकिटाला विचारायची, "ऑर्डर करू का?" आणि वेणूबाई पुटपुटायच्या, "नको गं बाई, हितं ढीग पडलाय." दिवसभरात त्या सगळ्यात जास्त बोलायच्या त्या तिच्याशीच.

सेवा बंद होणार असल्याची सूचना दिग्विजयने महिनाभर आधीच वाचून दाखवली होती. कालही म्हणाला, "रविवारी दुसरा आणतो, आई. त्यातपण असतं असं काहीतरी." आज मंगळवार. वेणूबाई लाल पाकिटांकडे बघत उभ्या राहिल्या. पुन्हा नवा आवाज, पुन्हा तीच लपवाछपवी.

त्या रिकाम्या हाताने बाहेर आल्या.

"शेठ, मला वाचता येत न्हाई."

काउंटरवरच्या दोन गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं.

"चष्मा विसरलात?"

"शिकलेच न्हाई कधी. ह्यो फोन सांगायचा, त्यो बंद पडला."

"आणि सही करता ती?"

"ती पाठ हाय. रांगोळीगत काढते."

वेणूबाईंनी कोपऱ्यातला झाडू उचलला.

"तो कशाला घेतलात?"

"पयल्या कामाला लागते."

"मी सांगितलं?" शेठ उठले. स्वतः आत जाऊन गिऱ्हाइकाचा गोडा मसाला घेऊन आले. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाले, "चार वर्षं फसवलंत मला. आता शिक्षा भोगा. दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा रोज अर्धा तास पाटी घेऊन बसायचं."

"पोरगा रविवारी नवा फोन आणणार हाय," वेणूबाई म्हणाल्या.

"आणू दे. त्यावर पोराशी बोला."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. हातात हेल्मेट घेतलेला एक तरुण सारखा घड्याळ बघत होता. त्याला धणे-जिरे पूड हवी होती.

आतून वेणूबाईंचा आवाज येत होता. "घ… न्हाई, ध. ध… णे…"

"काका, अजून किती वेळ? पाच मिनिटं झाली."

शेठनी मानही वर केली नाही. "घाई असेल तर ऑनलाइन मागवा."

तरुणाने हेल्मेट काउंटरवर ठेवलं. शेठनी डोक्यावरचा खडखडणारा पंखा बंद केला आणि आतल्या आवाजाकडे कान देऊन थांबले.

"जि…" आतून आलं. "जि… रे."