उघड्या डोळ्यांनी

"इख म्हंजे इखच की," ज्ञानदेव दवाखान्यातल्या खुर्चीतून उठला. "चल गं. आपल्याला न्हाई करायचं हे."

जयमाला बसूनच राहिली. एका बोटाने तिने पापणी वर धरली होती. बोट काढलं की दोन्ही डोळे घट्ट मिटत आणि काही केल्या उघडत नसत. गेली काही वर्षं हे असंच चाललं होतं. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये ती रबरी सील तपासायची. बाई कामावर झोपते, असं वाटून सुपरवायझर धम्मरत्नने तिला पॅकिंगला बसवलं. मोशीहून रोज ज्ञानदेव तिला गाडीवर सोडायचा आणि आणायचा. चष्मे बदलून झाले, थेंब घालून झाले, सासूने दृष्टही काढली.

"काका, बसा," डॉक्टर वर्षाली म्हणाल्या. "तुम्ही घाबरलात ते बरोबरच आहे. हे एका जीवाणूचं विष आहे. खराब अन्नातून पोटात गेलं तर श्वाससुद्धा थांबवतं. पण आपण ते सुईने अगदी किंचित देतो, तेही फक्त पापण्यांभोवती. काकूंचे डोळे चांगले आहेत. पापणीच्या स्नायूला 'मीट, मीट' असा निरोप सारखा येतोय. मज्जातंतू जिथे तो निरोप देतो, तिथेच हे औषध त्याला अडवतं. तंतू मरत नाही. तीन-चार महिन्यांनी तो पुन्हा निरोप द्यायला लागतो."

"म्हंजे दुखणं परत येणार?"

"येणार. मग पुन्हा टोचायचं."

ज्ञानदेवने बायकोकडे पाहिलं. "ऐकलंस का?"

"भूकबी रोज लागतीच की," जयमाला म्हणाली. "तुमी भाईर थांबा. डोळं माजं हायत."

सुया झोंबल्या. पुढचे दोन-तीन दिवस काहीच फरक पडला नाही. 'मी सांगत होतो' असं ज्ञानदेव एकदाही म्हणाला नाही, याचं तिला बरं वाटलं. मग एका सकाळी भाकरी थापताना तिच्या लक्षात आलं, आपले दोन्ही हात पिठात आहेत आणि तवा समोर स्वच्छ दिसतोय. तिने भाकरी उलटली, पदराने डोळे टिपले आणि पुढचा गोळा घेतला.

त्या आठवड्यात तिचे उघडे डोळे पाहून धम्मरत्नने तिच्यापुढे सीलचा ढीग ठेवला. तिने त्यातले चिरलेले तेवढे बाजूला काढले. ते निरखून तो ओशाळून म्हणाला, "ताई, मला वाटायचं तुम्हाला झोप येती."

"मलाबी तसंच वाटायचं आधी," ती हसून म्हणाली.

संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर ती गेटबाहेर आली. नेहमीसारखा ज्ञानदेव गाडीला टेकून उभा होता. त्याने तिला अजून पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं तो तिच्यासाठी एक आवाज होता आणि धरून बसायची एक पाठ. आता तिला त्याचे विरळ झालेले केस दिसले, एका बाजूला कललेला खांदा दिसला, गालांवरच्या खोल रेघा दिसल्या. तो एवढा म्हातारा झाल्याचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तो मान वर करीपर्यंत ती तिथेच उभी राहून त्याला बघत राहिली.